क्लाउड म्हणजे नेमकं कुठे?

कृष्णाकाठ
शनिवार, सकाळी १०:१२

सांगलीत एका कर सल्लागाराच्या कचेरीत मी गेली पंधरा वर्षं हिशेब आणि संगणक दोन्ही सांभाळते. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं आणि आमच्या तळमजल्यावरच्या कचेरीत छतापर्यंत चढलं. ओसरल्यावर आत गेलो तर सर्व्हर, म्हणजे सगळे हिशेब ठेवणारा मुख्य संगणक, चिखलात आडवा पडलेला. बॅकअप आम्ही रोज संध्याकाळी घेत होतो, एक दिवसही चुकवला नव्हता. पण ती हार्ड डिस्क त्याच खोलीतल्या लोखंडी कपाटात होती.

तीनशेच्या वर दुकानदारांचे हिशेब पुढचे सात महिने आम्ही पुन्हा उभे केले. बँकेचे उतारे, लोकांच्या घरी वाचलेली बिलं आणि जीएसटीच्या पोर्टलवर भरलेली विवरणपत्रं, एवढ्याच आधारावर. विवरणपत्रं जशीच्या तशी मिळाली, कारण ती आमच्या खोलीत नव्हतीच. तेव्हापासून ‘आपली माहिती नेमकी कुठे असते’ हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. त्यातून जे शिकले ते इथे लिहिते आहे.

क्लाउड या नावाने पहिला गोंधळ होतो. अभियंते फळ्यावर नेटवर्कचं चित्र काढताना ज्या भागाच्या तपशिलात शिरायचं नसे तिथे ढगाचा आकार काढायचे. तेच नाव पुढे चिकटलं. प्रत्यक्षात आकाशात काहीही नाही. जमिनीवर एक भक्कम इमारत असते, तिच्यात रांगेने हजारो यंत्रं असतात, आणि त्यांतली ताकद किंवा जागा आपण इंटरनेटवरून भाड्याने घेतो.

आमच्याकडच्या माणसाला हे चटकन समजावं म्हणून मी शीतगृहाचं उदाहरण देते. तासगावचा बागायतदार सगळा बेदाणा घरात ठेवत नाही, शीतगृहात ठेवतो. जेवढा माल आणि जेवढे महिने, तेवढं भाडं. यंत्रणा त्यांची, विजेचं बिल त्यांचं, दुरुस्ती त्यांची. माल मात्र आपला, आणि तो कधी काढायचा हेही आपण ठरवायचं. याच्या उलट हरिपूरची हळदीची पेवं. जमिनीखालची ही कोठारं पिढ्यान्‌पिढ्या हळद टिकवत आली होती. २००५ च्या पुराचं पाणी शिरलं आणि त्यांतली बहुतेक निकामी झाली. पेव वाईट नव्हतं, पण सगळा माल एकाच नदीकाठी होता. आमच्या कपाटाचं तेच झालं.

आता थोडं तांत्रिक. एका मोठ्या यंत्राची ताकद अनेक ग्राहकांत वाटायची कशी? त्यासाठी आभासी यंत्र ही युक्ती आहे. एका खऱ्या संगणकावर एक प्रणाली बसवतात. ती त्याचे दहा-वीस भाग करते आणि प्रत्येक भागाला आपण स्वतंत्र संगणक आहोत असं वाटायला लावते. शेजारच्या भागात कोण आहे हे कुणाला दिसत नाही. कल्पना जुनी आहे. आयबीएमने मोठ्या संगणकांसाठी अशी व्यवस्था १९७२ मध्ये विकायला काढली होती. त्याही आधी, १९६१ साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या शताब्दीत संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी म्हणाले होते की टेलिफोनसारखी संगणनाचीही सार्वजनिक सेवा होऊ शकेल. ते घडायला ४५ वर्षं लागली. मार्च २००६ मध्ये अ‍ॅमेझॉनने साठवणुकीची एस-थ्री सेवा सुरू केली, एका जीबीला महिन्याला १५ सेंट. त्याच ऑगस्टमध्ये यंत्रं भाड्याने देणारी ईसी-टू आली, छोट्या यंत्राला तासाला १० सेंट. सर्व्हर विकत घ्यायला लाखभर रुपये हवेत ही अट त्या वर्षी संपली. मला या सगळ्या इतिहासातली हीच गोष्ट सर्वात मोठी वाटते.

कशाला क्लाउड म्हणायचं याची व्याख्या अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने सप्टेंबर २०११ मध्ये केली. ती साध्या भाषेत अशी: कुणाला फोन न करता आपलं आपण घेता आलं पाहिजे, नेटवर्कवरून कुठूनही पोचता आलं पाहिजे, साधनं अनेकांत सामाईक हवीत, लागेल तसं वाढवता-घटवता यावं, आणि वापर मोजला जावा. नुसता दुसऱ्याच्या कपाटात ठेवलेला सर्व्हर या कसोटीला उतरत नाही.

भाड्याने काय घेतो त्यावरून तीन पातळ्या पडतात. नुसतं यंत्र घेतलं तर त्यावर सगळं आपण बसवायचं. प्रोग्रॅम चालवायची तयार व्यवस्था, म्हणजे मंच, घेतला तर आपण फक्त आपला प्रोग्रॅम द्यायचा. आणि तिसरी पातळी म्हणजे सगळं तयार, फक्त लॉगिन करा: जीमेल, ब्राउझरमध्ये चालणारं हिशेबाचं सॉफ्टवेअर, ऑनलाइन वर्ग. आपल्यातले बहुतेक जण या तिसऱ्या पातळीवर रोज असतात.

क्लाउड घेतला म्हणजे आपण सुटलो असं मात्र मुळीच नाही. त्यावर प्रतिसादांत बोलूच.

पिंपळपान
शनिवार, दुपारी १२:४०

ताई, पुराचं वाचून पोटात कालवलं. लेख फार सोपा लिहिला आहे. मी निवृत्त शिक्षिका, वाईला असते. माझे फोटो आपोआप गुगलवर जातात असं भाचा म्हणाला होता. म्हणजे माझ्याकडेही क्लाउड आहे का? आणि माझ्या वडिलांच्या कीर्तनांच्या कॅसेट आम्ही डिजिटल करून घेतल्या आहेत, त्याही फोनमध्येच आहेत. फोन हरवला तर काळजी नाही ना?

कृष्णाकाठ
शनिवार, दुपारी १:१५

हो बाई, तुमच्याकडे क्लाउड आहे. पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. एक असते समक्रमण, म्हणजे सिंक. फोनवर जे आहे तेच तिकडे दिसतं, आणि इथे पुसलं की तिकडेही पुसलं जातं. दुसरा असतो बॅकअप. इथे पुसलं तरी तिकडची प्रत राहते. सिंक चालू असेल तेव्हा ‘जागा भरली’ म्हणून फोनवरचे फोटो पुसू नका. गुगल फोटोजमध्ये तिकडे चढलेले फोटो चुकून पुसले तर ते ६० दिवस कचरापेटीत राहतात, नंतर कायमचे जातात.

कीर्तनांचं मात्र आधी तपासा. गुगल फोटोज फक्त फोटो आणि व्हिडिओ घेतं, नुसत्या आवाजाच्या फाइल घेत नाही. दुसऱ्या संगणकावर आपल्या खात्यात शिरा आणि त्या दिसतात का ते बघा.

निशाचर
शनिवार, रात्री ११:५८

मी नवी मुंबईतल्या एका डेटा सेंटरमध्ये, म्हणजे ताईंनी सांगितलेल्या यंत्रांच्या इमारतीत, रात्रपाळीला असतो, म्हणून आतलं सांगतो.

आत गेल्यावर पहिली जाणीव होते ती आवाजाची. हजारो पंख्यांची घरघर, कानात बोळे घालून काम करावं लागतं. रॅक, म्हणजे यंत्रांची उभी कपाटं, समोरासमोर आणि पाठीला पाठ लावून उभे असतात. समोरासमोरच्या गल्लीत गार हवा सोडतात, यंत्रं ती ओढतात आणि मागच्या गल्लीत गरम फेकतात. गार आणि गरम हवा मिसळू न देणं हेच निम्मं काम. केंद्राला एकूण किती वीज लागते आणि त्यातली यंत्रांना किती, या गुणोत्तरावर आमचं सगळं गणित चालतं. ते दीड असेल तर यंत्रांच्या दर १०० युनिटमागे आणखी ५० युनिट मुख्यतः थंडाव्यावर जातात.

वीज दोन वेगळ्या वाटांनी येते. दोन्ही गेल्या तर बॅटऱ्या काही मिनिटं सगळं पेलतात, तेवढ्यात डिझेल जनरेटर सुरू होतात. दर महिन्याला आम्ही मुद्दाम वीज तोडून बघतो. डिस्क मरणं तर रोजचंच. बदलतो, ग्राहकाला कळतही नाही, कारण त्याच माहितीच्या प्रती दुसऱ्या यंत्रांवर असतात.

ऐरोली, महापे, पनवेल या पट्ट्यात एवढी केंद्रं का, हे बरेच जण विचारतात. एक कारण समुद्राखालच्या केबली. पश्चिमेकडून येणाऱ्या बऱ्याच केबली मुंबईत, विशेषतः वर्सोव्याला किनाऱ्यावर लागतात. दुसरं वीज, आणि तिसरं म्हणजे बँका आणि शेअर बाजार हे मोठे ग्राहक इथेच आहेत. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईत केंद्रं सुरू केली, अ‍ॅमेझॉन २०१६ मध्ये मुंबईत आलं, गुगल २०१७ मध्ये. त्याआधी आपल्याकडची बरीच संकेतस्थळं सिंगापूर किंवा अमेरिकेतून चालायची. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत निरोप जाऊन यायला साधारण २०० मिलिसेकंद लागतात. एक पान उघडताना अशा पाच-सहा फेऱ्या झाल्या की माणसाला ते जाणवतं.

अवनी_पुणे
रविवार, सकाळी ९:०५

निशाचरदादा, +१. आम्ही सॉफ्टवेअरवाले हे सगळं गृहीत धरून बसतो, तुमच्यासारख्यांमुळे ते चालतं.

उपयोगाचं एक उदाहरण माझ्याकडून. १० जुलै २०१९, मँचेस्टर, भारत-न्यूझीलंड उपांत्य सामना. हॉटस्टारवर एका क्षणी २.५३ कोटी लोक एकाच वेळी बघत होते. धोनी धावबाद झाला आणि लोक धडाधड बाहेर पडले. अभियंत्यांच्या दृष्टीने गंमत पुढे आहे. सामना बंद करणारा प्रत्येक जण मागे येतो आणि अ‍ॅपच्या मुख्य पानावर पडतो. म्हणजे व्हिडिओवरचा भार कोसळला त्याच क्षणी मुख्य पानावरचा भार उसळला. हे आधीच ओळखून ते पान प्रचंड गर्दीसाठी तयार ठेवलं होतं.

‘क्लाउड आपोआप वाढतो’ असं म्हणतात ते अर्धंच खरं आहे. नवं यंत्र उभं राहायला, त्यावर प्रोग्रॅम सुरू व्हायला मिनिटभर तरी लागतं, आणि नाणेफेकीनंतर गर्दी एवढा वेळ देत नाही. म्हणून सामन्याआधीच यंत्रं वाढवून ठेवतात आणि सामना संपल्यावर परत करतात. खरी किंमत या परत करण्याची आहे. स्वतःची एवढी यंत्रं विकत घेतली असती तर वर्षातले तीनशे दिवस ती धूळ खात पडली असती.

आणखी एक. अ‍ॅमेझॉनकडे नाताळच्या खरेदीनंतर यंत्रं रिकामी पडायची, ती भाड्याने द्यायला त्यांनी क्लाउड काढला, अशी गोष्ट सगळीकडे सांगतात. ती खरी नाही. त्यांचे मुख्य तंत्रज्ञ वर्नर व्होगेल्स यांनीच ती दंतकथा असल्याचं सांगितलं आहे.

देशावरचा
रविवार, सकाळी ११:२०

खर्चाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. माझ्या धाकट्या भावाने कॉलेजच्या प्रकल्पासाठी ग्राफिक्स कार्डवालं यंत्र भाड्याने घेतलं. काम झालं, लॅपटॉप मिटवला. यंत्र बंद करायचं राहिलं. बारा दिवस ते तिकडे चालू होतं. बिल आलं ४१ हजार रुपये. वडिलांना सांगताना पोराचे हात कापत होते. विनंती अर्ज केल्यावर निम्मं माफ झालं, पण उरलेलं घरातूनच गेलं. खात्यात खर्चाची मर्यादा गाठली की इशारा यावा अशी सोय असते, ती पहिल्याच दिवशी लावा. आणि लक्षात घ्या, बहुतेक ठिकाणी तो नुसता इशारा असतो, यंत्र तो बंद करत नाही.

दुसरं, माल आत टाकायला बहुधा पैसे पडत नाहीत, बाहेर काढायला पडतात. मोठा साठा हलवायचं ठरलं की हा आकडा टोचतो. ज्यांचा भार वर्षभर सारखाच असतो त्यांना स्वतःची यंत्रं स्वस्त पडू शकतात. फाइल साठवण्याची सेवा देणाऱ्या ड्रॉपबॉक्सने आपला बहुतांश साठा २०१६ पर्यंत स्वतःच्या यंत्रांवर नेला, थर्टीसेव्हन सिग्नल्स या सॉफ्टवेअर कंपनीने २०२२ मध्ये क्लाउड सोडत असल्याचं जाहीर केलं. भाडं की मालकी, हा हिशेब ज्याने त्याने मांडायचा.

अवनी_पुणे
रविवार, सकाळी ११:४१

देशावरचा, भावाला सांगा, आमच्या कंपनीतही हे होतं, फक्त आकडे मोठे असतात. त्याने मनाला लावून घेऊ नये.

ग्रामसेविका
रविवार, दुपारी ४:३०

सरकारी बाजू थोडी मांडते. केंद्र सरकारचा स्वतःचा क्लाउड आहे, नाव फार सुंदर आहे: मेघराज. २०१४ मध्ये एनआयसीने, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय माहिती केंद्राने, तो सुरू केला. प्रत्येक खात्याने वेगळे सर्व्हर घ्यायचे, ते वर्षभर खोक्यात पडून राहायचे, हे थांबावं हा त्यामागचा हेतू.

लोकांना सर्वात जवळचं म्हणजे २०१५ चं डिजिलॉकर, आपली कागदपत्रं ऑनलाइन ठेवायची सरकारी सोय. गावात मी रोज सांगते की त्यातला वाहन परवाना किंवा दहावीची गुणपत्रिका कायद्याने मूळ कागदासारखीच आहे, आणि तरी ‘झेरॉक्स आणा’ म्हणणारे भेटतातच. त्यात एक बारकावा आहे. आपण स्वतः चढवलेला कागद आणि संबंधित कार्यालयाने दिलेला कागद हे दोन वेगळे. कार्यालयाने दिलेला कागद थेट त्यांच्या नोंदींतून येतो, म्हणून त्याला मान. आपण फोटो काढून चढवलेला म्हणजे नुसती आपली प्रत.

साधा_प्रश्न
रविवार, रात्री ८:१५

एवढं वाचून मनात आलं ते विचारतो. माझ्या दुकानाची उधारी, गिऱ्हाइकांचे फोन नंबर, सगळं परक्याच्या यंत्रावर. त्याने वाचलं तर? आणि ती कंपनीच बुडाली किंवा तिथेच आग लागली तर?

कृष्णाकाठ
रविवार, रात्री ९:५०

साधा_प्रश्न, हाच खरा प्रश्न आहे. घाई न करता उत्तर देते.

आग लागते. १० मार्च २०२१ च्या मध्यरात्रीनंतर फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचं पाच मजली केंद्र जळून गेलं. माणसं सुखरूप राहिली, पण अनेक ग्राहकांची माहिती कायमची गेली. काहींचा बॅकअपही त्याच आवारात होता. ते वाचलं तेव्हा मला आमचं लोखंडी कपाट आठवलं. म्हणून मोठ्या कंपन्या एकाच शहराच्या परिसरात, पण वेगळ्या वीजजोडणीच्या वेगळ्या इमारतींत प्रती ठेवायची सोय देतात. ती सोय निवडायची आपण असते, आणि तिचे पैसे जास्त पडतात.

माणसाच्या हातून चूकही होते. २८ फेब्रुवारी २०१७ ला अ‍ॅमेझॉनच्या एका कर्मचाऱ्याने आज्ञा टाइप करताना चूक केली आणि ठरल्यापेक्षा जास्त सर्व्हर बंद झाले. अमेरिकेतली असंख्य संकेतस्थळं काही तास अडकली. सेवा चालू आहे की बंद हे दाखवणारं त्यांचं स्वतःचं पानही त्याच सेवेवर टेकलेलं होतं, त्यामुळे तेही वेळेवर बदलता येईना.

आणि मे २०२४ चं उदाहरण तर मी प्रत्येकाला सांगते. ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचे सहा लाखांवर सभासद. गुगल क्लाउडकडून सेवा उभारताना एक रकाना रिकामा राहिला, त्यामुळे मुदत संपल्यावर निधीची क्लाउडवरची एक मोठी खासगी व्यवस्था पुसली गेली. दुसऱ्या ठिकाणची जोडप्रतही गेली. निधी वाचला याला एक मोठं कारण होतं: त्यांनी एक बॅकअप दुसऱ्याच कंपनीकडे ठेवला होता.

आता परक्याने आपली माहिती वाचण्याबद्दल. मोठ्या कंपन्या साठवलेली माहिती कूटबद्ध करतात, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये अशी बदलून ठेवतात, पण दाराची किल्ली म्हणजे आपला पासवर्ड. बहुतेक चोऱ्या इमारत फोडून होत नाहीत, कुणीतरी पासवर्ड सांगतो म्हणून होतात. इमारत, वीज, यंत्रं ही त्यांची जबाबदारी. कुणाला काय दिसावं, पासवर्ड कसा असावा, प्रत कुठे असावी, ही आपली. करारात हे स्पष्ट लिहिलेलं असतं, वाचत कुणी नाही. कायदाही हळूहळू घट्ट होतो आहे. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये पैशांच्या व्यवहारांची माहिती भारतातच साठवायला लावली, आणि २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेत मंजूर झाला.

तुमच्या दुकानासाठी मी असं करीन. चालू वही संगणकावर. रोजची प्रत क्लाउडवर. आठवड्याची एक प्रत डिस्कवर, आणि ती डिस्क दुकानात नाही, नदीपासून लांब राहणाऱ्या नातलगाकडे. खात्याला दुहेरी पडताळणी लावा, म्हणजे पासवर्डबरोबर फोनवरचा आकडाही मागितला जाईल, आणि फोन हरवला तर लागणारे सांकेतिक आकडे कागदावर लिहून घरात ठेवा. महिन्यातून एकदा त्या प्रतीतून एक दिवसाचा हिशेब खरोखर उघडून बघा. आम्ही पुराआधी हे एकदाही केलं नव्हतं.

साधा_प्रश्न
रविवार, रात्री १०:२०

पटलं. मेव्हणा मिरजेला चौथ्या मजल्यावर राहतो, डिस्क त्याच्याकडे. आभार ताई.

निशाचर
सोमवार, पहाटे ३:१०

युनिसुपरचं आमच्याकडेही प्रशिक्षणात सांगतात. एक भर घालतो. बॅकअपचं खातं आणि रोजचं खातं वेगळं ठेवा. खंडणी मागणारे हॅकर आधी बॅकअप शोधून पुसतात, मग बाकीचं कुलूपबंद करतात. दोन्हींची किल्ली एकच असेल तर दुसरी प्रत असून नसल्यासारखी.

पिंपळपान
गुरुवार, संध्याकाळी ६:४५

कृष्णाकाठताई, तुम्ही सांगितलं तसं केलं. भाच्याच्या संगणकावर माझं खातं उघडलं. फोटो सगळे होते, पावसाळ्यातल्या कृष्णेच्या घाटाचेसुद्धा. कीर्तनं एकही नव्हती. एवढी दोन वर्षं ती फक्त या एका फोनमध्ये होती, आणि फोन मी रोज मंडईत घेऊन जात होते. हात-पाय गार पडले.

काल भाच्याने सगळ्या फाइल गुगल ड्राइव्हवर चढवल्या. साडेतीन जीबी झाल्या, फुकटच्या १५ जीबीत बसल्या. आणखी एक संच पेन ड्राइव्हवर घालून नाशिकला बहिणीकडे कुरिअर केला. मग फोन बाजूला ठेवून ड्राइव्हवरूनच मोजल्या. ६२ पैकी ६२ आहेत. पहिली उघडून ऐकली. पूर्वरंगाआधी बाबा टाळकऱ्याला हळूच सांगतात, ‘जरा संथ घे’, ते सुद्धा आलंय.